मान

प्लोवदिवमध्ये, बटणांच्या दुकानाच्या वर,
आमच्या संस्थेची एकच खोली आहे.
दोन हीटर, त्यातला एक नुसताच गुरगुरणारा,
फळ्यावर सहा पायांचं एक अक्षर, किड्यासारखं,
कोणी पुसत नाही, कारण ते सगळ्यांना आवडतं.

त्स्वेतांकाबाई शिकवतात.
तीस वर्षं स्टेशनवर त्यांनी घोषणा केल्या:
बुर्गासची गाडी चाळीस मिनिटं उशिरा धावत आहे.
आणि रोज माफी मागितली, स्वतःची चूक नसताना.
अजूनही त्यांचा प्रत्येक शब्द
फलाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.

पहिल्या दिवशी त्या अक्षरांना हात लावत नाहीत.
खडू ठेवतात. म्हणतात, मानेपासून सुरू करू.
इथे 'हो' म्हणताना मान आडवी हलते,
या खांद्याकडून त्या खांद्याकडे.
'नाही' म्हणताना हनुवटी वर जाते.

बाकांवर हसू पिकतं.
मग मुईन उठतो, दैर अझ-झोरचा शिंपी,
आणि करून दाखवतो:
हनुवटी वर, जिभेचा एक 'च्क्'.
आमच्याकडेही 'नाही' असंच.

बाई थांबल्या.
दोन सरहद्दी, एक नदी,
ट्रकच्या तळाशी अकरा तास,
एवढ्या सगळ्यातून नकार तेवढा
जसाच्या तसा पोचला होता.
'हो' मात्र शिकावं लागणार होतं.

त्याला हिवाळा लागला.

डिसेंबरात बाजारातल्या म्हातारीने विचारलं, चहा?
मुईनने मान खालीवर केली, मनापासून.
तिने किटली उचलून नेली.
हा तसाच उभा, हात पुढे,
दूर जाणारी वाफ बघत.

कचेरीत याहून वाईट.
दुभाष्याचं बोलणं कळतंय ना? असं गुलालैला विचारलं.
कुंदूझची गुलालै,
जिने जन्मभर इतरांच्या तोंडून नन्नाचा पाढाच ऐकला,
तिने होकार दिला, मानेने.
कारकुनाने लिहिलं: नाही.
मुलाखत पुढच्या महिन्यात गेली,
मग त्याच्याही पुढच्या.

तिसऱ्या खेपेला बाई सोबत होत्या.
काचेतल्या भोकाला तोंड लावून
जुन्या आवाजात त्यांनी घोषणा केली:
कृपया लक्ष द्या. ही बाई हो म्हणत आहे.
रांगेतल्या कुणीतरी सवयीने
स्वतःची पिशवी उचलली.

फेब्रुवारीत देणगीदार आले.
हजेरीवही माझ्याकडे असते, वीजबिलंही,
म्हणून प्रगतीचं मलाच विचारलं.
काय सांगणार?
सन्मान, आत्मसन्मान असले शब्द
त्यांच्याच फॉर्मवर आधीपासून छापलेले होते.
तो मान वेगळा आणि ही मान वेगळी.
तो कुणीतरी द्यावा लागतो.
ही प्रत्येकाने आपली आपण वळवायची,
आणि वळवताना रग लागते.
मी लिहिलं: विद्यार्थी चौदा.

मार्चमध्ये, तास संपता संपता,
मुईनच्या आईचा फोन आला, मर्सिनहून, चित्रासकट.
जेवतोस ना रे?
त्याने मान हलवली,
या खांद्याकडून त्या खांद्याकडे, सहज,
शिकवल्यासारखी नव्हे, आतून आल्यासारखी.
बाईंचे डोळे क्षणभर चमकले.

पडद्यावरची म्हातारी रडू लागली.
उपाशी ठेवतात माझ्या लेकराला,
असं शेजारणीला ओरडून सांगू लागली.

मुईन गडबडला.
मान खालीवर केली, मग आडवी, मग पुन्हा खालीवर;
कुठला होकार कुठल्या देशाचा
हेच मानेला आठवेना.
शब्द होते ना त्याच्याकडे, आईच्याच भाषेतले,
पण तेही त्या घटकेला
कुठल्यातरी फलाटावर खोळंबलेले.

शेवटी त्याने फोन खडूच्या डब्याला टेकवला,
गुलालैच्या रुमालातली बोलानी उचलली,
बटाट्याची, अजून कोमट,
आणि आईच्या समोर बसून खाऊ लागला.
घासावर घास.
दोन्ही गाल फुगलेले,
मान अगदी सरळ.